ओव्हर देताना ‘हे राहिलं’ म्हणता आलं पाहिजे

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून नोकरीला लागलीस, त्याला चार महिने झाले. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, दुपारी 2 ते रात्री 8 ड्युटी, एकटीकडे 13-14 पेशंट. नाईटच्या सिस्टर ओव्हर घ्यायला, म्हणजे पेशंट आणि कामं ताब्यात घ्यायला, येतात तेव्हा रोज दोन-तीन कामं राहिलेली असतात. त्या काही बोलत नाहीत, नुसता सुस्कारा टाकतात आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग तू साडेनऊपर्यंत थांबून कामं उरकतेस. तरीही घरी पडल्या पडल्या आठवत राहतं की अमक्याचं हे राहिलं, तमक्याचं ते राहिलं. शेवटी विचारलं आहेस, ‘मी या कामाला लायक नाही का?’

लायक आहेस. चार महिन्यांच्या स्टाफला 14 पेशंटचं सगळं काम सहा तासांत संपवता आलं असतं, तर मी तिचे चार्ट जरा बारकाईने तपासले असते. हे मी 27 वर्षांच्या नोकरीवरून सांगते आहे. त्यातली पहिली 9 वर्षं सरकारी रुग्णालयात गेली, पुढची ट्रस्टच्या, आणि शेवटची 11 वर्षं मी वॉर्ड इन्चार्ज आहे. इतक्या वर्षांत ‘आज एकही काम राहिलं नाही’ असं म्हणून घरी गेले ते दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील.

पण नुसता धीर देऊन मी थांबणार नाही, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. ‘कधी कधी सगळं सांगायची लाज वाटते, म्हणून छोटी कामं मी सांगतच नाही, दुसऱ्या दिवशी बघू म्हणते.’ मला काळजी वाटते ती याची. काम राहणं हा वॉर्डचा रोजचा व्यवहार आहे. राहिलेलं काम लाजेपोटी तोंडातून बाहेर न पडणं, यातून पेशंटला इजा होते. मी हे करून बसले आहे.

तेव्हा माझ्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, खाटा 36, पेशंट 40 च्या वर, काही जमिनीवर गाद्या टाकून. संध्याकाळच्या ड्युटीला आम्ही दोघी. बावीस नंबरला एक आजोबा होते, सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, स्पायनल भूल देऊन. स्पायनलनंतर लघवी अडकते, सहा-आठ तासांत झाली की नाही हे बघावं लागतं, हे मला पाठ होतं. पाच वाजता विचारलं तेव्हा झाली नव्हती. परत येऊन बघते म्हणाले आणि तेवढ्यात अपघाताचे दोन पेशंट लागोपाठ आले. पुढचे तीन तास कसे गेले कळलंच नाही.

आठ वाजता नाईटच्या सिस्टर आल्या. कडक बाई, सगळ्या त्यांना टरकून असायच्या. मी सांगत गेले. चार नंबरचं ड्रेसिंग राहिलं. त्यांनी मान हलवली. नऊ नंबरचं रक्त काढायचं राहिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चौदा नंबरची सलाईन बाहेर गेली आहे, शिरेत नवीन लाइन घ्यायची राहिली. त्यांनी पेन खाली ठेवलं. बावीस नंबरला आलो आणि मी म्हणाले, ‘हर्निया, आजचं ऑपरेशन, बीपी-पल्स नॉर्मल, सलाईन चालू.’ लघवीचं मला आठवत होतं. चौथ्यांदा ‘राहिलं’ म्हणायला जीभ उचलली नाही. वाटलं, होईल आपोआप.

रात्री दीडच्या सुमाराला आजोबा तळमळायला लागले. टाक्यांचं दुखत असेल म्हणून त्यांना दुखण्याचं इंजेक्शन दिलं गेलं. पावणेतीनला वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, म्हणाले, या बाबांनी माझ्याकडे एकदाही लघवीचं भांडं मागितलं नाही. तेव्हा सिस्टरांनी पोटाला हात लावला. ओटीपोट दगडासारखं लागत होतं. कॅथेटर घातला, बॅगेत 1100 मिली लघवी आली.

आजोबा सुखरूप घरी गेले. सकाळी सिस्टर मला ओरडल्या नाहीत. बाजूला घेऊन एवढंच विचारलं, ‘तीन सांगितलीस, चौथं का नाही सांगितलंस? मी रात्रभर इथेच होते ना.’ अपराधी वाटायचंच असेल तर अशा गोष्टीचं वाटू दे. ड्रेसिंग राहिल्याचं नको.

आता कामाचं बोलू. संध्याकाळच्या ड्युटीत तुझी सगळी ताकद ‘सगळं संपवायचं’ यात जाते आहे. ती ‘कुठलं काम राहिलेलं चालतं आणि कुठलं नाही’ हे ओळखण्यात घाल. कॉलेजात आपल्याला प्रत्येक प्रोसीजर सारख्याच गांभीर्याने शिकवतात आणि ते बरोबरच आहे, पण वॉर्डात घड्याळ प्रत्येक कामासाठी वेगळं चालतं. अमेरिकेत औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारी इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था आहे. तिने 2011 मध्ये औषधांच्या वेळांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात हाच भेद केलेला आहे. वेळ चुकली तर अपाय होईल अशी औषधं ठरल्या वेळेच्या अर्धा तास मागेपुढे द्यायची, दिवसातून अनेकदा द्यायच्या इतर औषधांना एक तास मागेपुढे चालतो, आणि दिवसातून एकदाच असलेल्या औषधाला दोन तास. तुझ्या रुग्णालयाचा नियम वेगळा असू शकतो, तो इन्चार्जला विचारून घे. पण बघ, रोज रात्री 8 ला द्यायची कॅल्शियमची गोळी सव्वाआठला नाईटच्या सिस्टरांनी दिली, तर त्यात तुझा गुन्हा काहीच नाही.

माझ्या वॉर्डात मी नव्या मुलींना सांगते की काही कामं ओव्हरसाठी ठेवायचीच नाहीत, त्यांच्यासाठी बाकी सगळं बाजूला ठेव. जेवणाआधीचं इन्सुलिन हे पहिलं. आपल्या साध्या रेग्युलर इन्सुलिनला जेवणाआधी अर्धा तास लागतो. ताट आलं, पेशंट जेवला आणि इन्सुलिन राहिलं, तर ते कामच बदललं. मग नुसतं देऊन टाकायचं नाही, साखर बघून डॉक्टरांना विचारायचं. दुसरं, रक्त. रक्तपेढीतून पिशवी आली की अर्ध्या तासात लागली पाहिजे आणि लावल्यापासून चार तासांत संपली पाहिजे. पहिली 15 मिनिटं पेशंटजवळ थांबायचं, कारण गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा तेव्हाच येते. म्हणून साडेसातला रक्त आणायला माणूस पाठवू नकोस. आठनंतर नाईटच्या सिस्टरांशी बोलून मागव. पिशवी लटकवून ओव्हर द्यायला लागलीस तर त्या 15 मिनिटांत पेशंटकडे कुणाचंच लक्ष नसतं. तिसरं, डॉक्टरांनी ‘आत्ता’ म्हणून लिहिलेला डोस, विशेषतः तापाने फणफणलेल्या, बीपी उतरलेल्या पेशंटचा अँटिबायोटिकचा पहिला डोस. फिट्सची औषधं. लॅबने फोन करून सांगितलेला धोक्याचा रिपोर्ट, पोटॅशियम साडेसहा वगैरे, तो ऐकून वहीत लिहून ठेवायचा नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना कळवायचा. आणि ज्या पेशंटकडे बघून तुला ‘हा काल असा नव्हता’ असं वाटतं आहे, त्याची नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन तू स्वतः बघून मगच वॉर्ड सोडायचा.

बाकीची यादी मी देत बसत नाही. चादर बदलणं, सकाळी जायचं सॅम्पल, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी, कपाटाची इन्व्हेंटरी, उद्याच्या डिस्चार्जची फाइल लावणं, ही कामं रात्रीही होतात. रुग्णालय 24 तास चालतं आणि म्हणूनच तिथे तीन ड्युट्या असतात.

ओव्हर म्हणजे आपली परीक्षा, असं नव्या मुलींना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. खरं तर त्या दहा-पंधरा मिनिटांत पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि गोष्टी निसटतात त्याही तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचवले, त्यातला एक खास ओव्हरच्या वेळच्या बोलण्यावर होता. तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं एसबीएआर, म्हणजे आत्ताची स्थिती, मागचं काय, मला काय वाटतं, पुढे काय करायचं, हे मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलं. पाणबुडीवर संदेश अर्धवट गेला तर काय होईल याची कल्पना कर, म्हणजे आपल्याकडे ते का उचललं हे कळेल.

पण आपल्या भाषेत, घाईच्या वेळी, मी याहून साधं सांगते. राहिलेलं प्रत्येक काम सांगताना चार गोष्टी सांग. काय राहिलं, का राहिलं ते दोन शब्दांत, कधीपर्यंत व्हायला हवं, आणि तू त्याची तयारी कुठपर्यंत केली आहेस. ‘सिस्टर, अकरा नंबरचं पायाचं ड्रेसिंग राहिलं. सव्वासातला अ‍ॅडमिशन आली. झोपायच्या आधी झालं तर बरं, कारण पट्टी ओली आहे. ट्रॉलीवर सेट काढून ठेवला आहे.’ आणि याच्याशेजारी हे ठेवून बघ: ‘सॉरी सिस्टर, ड्रेसिंग राहिलंच माझ्याकडून, खूप गडबड होती हो, सॉरी.’ दुसऱ्या वाक्यात पेशंट कुठेच नाही, सगळी तूच आहेस. नाईटच्या सिस्टरला तुझ्या माफीचा उपयोग नाही. तिला पट्टी ओली आहे हे कळायला हवं.

तो सुस्कारा तुझ्यासाठीच असतो असंही धरून चालू नकोस. त्या बाई घरचा स्वयंपाक करून, मुलांचं बघून, गर्दीची बस धरून बारा तासांच्या रात्रीला आलेल्या असतात. कामांची यादी ऐकून श्वास सुटतोच. आणि समजा, त्या बोलल्याच, ‘काय गं, हेही ठेवलंस?’ तर ‘हो सिस्टर, राहिलं’ एवढंच सरळ म्हण आणि पुढच्या बेडकडे जा. वाद नको, रडू नको. मात्र कुणी रोज सगळ्यांसमोर टाकून बोलत असेल, तर ते सहन करत बसू नकोस. इन्चार्जच्या कानावर घाल. तो स्वभाव म्हणून सोडून द्यायचा नसतो. त्या बोलण्याच्या धाकाने मुली कामं लपवायला लागतात आणि मग बावीस नंबरचे आजोबा रात्रभर तळमळतात.

ओव्हर शक्यतो बेडजवळ घे-दे. टेबलाशी बसून वहीतून वाचलं की सलाईन संपत आली आहे, युरिन बॅग फुगली आहे, लाइनची जागा लाल झाली आहे, हे दिसत नाही. बेडजवळ उभं राहिलं की पेशंट स्वतःच आठवण करून देतो. ‘बाई, मला ती वाफ द्यायची होती ना?’ अशा वेळी ओशाळू नकोस, दोघींच्या कानावर पडलं हे चांगलंच झालं.

आणखी एक गोष्ट. काय राहतं याकडे नीट बघितलंस तर तुला दिसेल की औषधं क्वचितच राहतात, कारण चार्टवर त्यांना सहीचा रकाना असतो. ज्याला रकाना नाही ते राहतं. बिछान्याला खिळलेल्याची दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड स्वच्छ करणं, पेशंटला धरून चार पावलं चालवणं, भरवायला बसणं, घाबरलेल्या माणसाशी दोन मिनिटं बोलणं. बिअ‍ॅट्रिस कॅलिश या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने 2006 मध्ये नर्सेसशी बोलून राहून जाणाऱ्या कामांचा अभ्यास केला, त्यात जवळपास हीच यादी निघाली. ते वाचलं तेव्हा मला हलकं वाटलं आणि वाईटही वाटलं. इथे आपण ज्याला रोज रात्री कुढतो, तेच तिकडच्या वॉर्डांतही राहतं. म्हणून मी सांगते, ओव्हरमध्ये ही बिनरकान्याची कामंही बोलून दाखव. ‘सात नंबरची कूस चारनंतर बदललेली नाही.’ हे ऐकून नाईटची सिस्टर पहिल्यांदा सात नंबरकडे जाईल. तू गप्प राहिलीस तर सकाळी पाठीवर लाल चट्टा दिसेल.

सहीवरून आठवलं. न दिलेल्या औषधापुढे सही करायची नाही. ‘देणारच आहे, आधी चार्ट पुरा करून घेते’ हे सुद्धा नाही. आठ वाजत आले की हा मोह होतो, मी चांगल्या चांगल्या मुलींना त्यात पडताना पाहिलं आहे. सही दिसली की पुढची सिस्टर ते औषध देणार नाही, आणि सही नसताना तू देऊन गेली असलीस तर ती परत देईल. काम राहिलं तर कुणीतरी करतं. खोट्या सहीचं काम कुणीच करत नाही.

आता वेळेचं. साडेसहाला, काहीही चालू असलं तरी, दोन मिनिटं थांब. खिशातला कागद काढ. प्रत्येक बेडपुढे काय उरलं ते बघ आणि तेव्हाच ठरव की यातलं मी काय करणार आणि काय देणार. आठला दहा कमी असताना हा विचार करायला गेलीस तर डोकं चालत नाही, नुसती धावपळ होते. साडेसहाला सोपवायचं काम ठरवलं की त्याची तयारीही करून ठेवता येते. माझ्या वॉर्डातली एक मुलगी या कागदावर सोपवायच्या कामाभोवती गोल करायची. सुरुवातीला गोल काढताना तिचा चेहरा पडायचा, महिन्याभराने तीच ‘मॅडम, आज पाच गोल आहेत’ असं येऊन सांगायला लागली.

मावशींना आणि मामांना काम सांगायला तू लाजतेस, असा माझा अंदाज आहे. त्या वयाने आईएवढ्या, आपण कालच्या, कसं सांगायचं? म्हणून चादरी तू बदलतेस, सॅम्पल घेऊन लॅबमध्ये तूच धावतेस. ‘मावशी, पाच नंबरची चादर ओली आहे, तेवढी बदलता का? तोवर मी इंजेक्शनं देते,’ असं सांगितलं तर मावशी नाही म्हणत नाहीत. कामाचं नाव, बेडचा नंबर आणि तू त्या वेळात काय करणार आहेस हे कळलं की त्यांना हुकूम वाटत नाही. नातेवाइकांचंही तेच आहे. दर पाच मिनिटांनी एकजण ‘सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ विचारतो आणि प्रत्येक वेळी तुझ्या हातातलं काम तुटतं. सिरिंजमध्ये औषध भरताना कुणीही हाक मारली तरी, ‘एवढं भरून होऊ दे, मग येते,’ असं म्हण. उद्धटपणा होत नाही तो.

दीड तास जादा थांबणं मात्र बंद कर. चार्ट पुरे करायला दहा-पंधरा मिनिटं लागली तर हरकत नाही. कुणी अत्यवस्थ असेल तर आपण सगळ्याच थांबतो. पण रोज साडेनऊपर्यंत थांबून दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी असली तर तू झोपतेस किती? आंबलेल्या डोक्याने औषधाची चूक होते. रात्री घरी परतायचा प्रवासही आहेच. शिवाय तू फुकट थांबून कामं उरकलीस की वॉर्डला माणसं कमी पडतात हे वर कुणाला दिसतच नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत जनरल वॉर्डाच्या 3 खाटांमागे 1 नर्स आणि इतर रुग्णालयांत 5 मागे 1 असं प्रमाण सांगितलं आहे. पाळ्या आणि सुट्ट्या वजा जाता एकीच्या हातात त्याहून बरेच जास्त पेशंट येतात हे खरं, पण एका ड्युटीला 14 म्हणजे कुणाच्याही हाताबाहेरचं काम आहे.

म्हणून एक छोटी डायरी ठेव. पंधरा दिवस, रोज दोन ओळी, काय राहिलं आणि का. पेशंटचं नाव लिहू नकोस. पंधरा दिवसांनी बघ. रोज लाइन घ्यायलाच वेळ लागत असेल तर ते शिकायचं आहे. माझ्यासारख्या कुणा जुन्या सिस्टरला हाताशी धरून दहा लाइन घे, निघून जाईल ते. पण कारण रोज ‘एकाच वेळी दोन अ‍ॅडमिशन’ किंवा ‘मावशी नव्हत्या’ असं असेल, तर ती डायरी घेऊन इन्चार्जकडे जा. ‘मला जमत नाही’ असं सांगितलंस तर त्या तुला धीर देतील आणि विषय संपेल. ‘पंधरापैकी नऊ दिवस सातनंतर अ‍ॅडमिशन आल्या’ असं सांगितलंस तर त्यांना मेट्रनकडे न्यायला काहीतरी हातात मिळेल. मला अशी डायरी एका स्टाफने आणून दिली होती. सातनंतरच्या अ‍ॅडमिशनसाठी एक जादा माणूस मिळायला चार महिने लागले, पण मिळालं.

घरी आल्यावरची बेचैनी लगेच जाणार नाही, हे मान्य करते. नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्यांनाच ती असते. पण दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, ड्युटीच्या आधी छातीत धडधडतं, रडू येतं, असं होत असेल तर अंगावर काढू नकोस. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नर्सने तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.

आणि घरी पोचल्यावर खरंच काही सांगायचं राहिल्याचं आठवलं तर? कूस बदलत बसू नकोस. सिस्टरच्या मोबाइलवर मेसेजही टाकू नकोस, ड्युटीवर तिने तो पाहिलाच नाही तर? वॉर्डचा लँडलाइन नंबर आजच फोनमध्ये सेव्ह कर आणि सरळ फोन लाव. ‘सिस्टर, बारा नंबरच्या बाबांना संध्याकाळी एकदा उलटी झाली होती, सांगायचं राहिलं.’ एवढं बोलून ठेवून दे. मी नाईटला असताना मला असे रात्री अकराला फोन आले आहेत. एकदाही राग आला नाही. फोन ठेवला की मी त्या बेडकडे जाऊन यायचे.